धामणगावचा निरोप

१

अर्जुनरावांच्या दाराला कुलूप होतं.

एरवी कोणाच्या दाराला कुलूप दिसलं तर मी वळून चालता होणारा माणूस. पण तो शनिवार आमच्या नाटकाचा होता. दिवेलागण झाली की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पटांगणात पडदा उघडायचा होता, आणि नाटकाची नायिका पद्मजा नेमकी याच घरात राहत होती. शेजारीण म्हणाली, बापलेक अंधारातच गेले. धामणगाव बढ्याची आत्या अगदी शेवटच्या घटकेला आहे, असा निरोप आला होता. पद्मजा बिचारी रडत रडतच स्टँडकडे गेली.

मी कपाळाला हात लावला. आत्याबाईंसाठी लावला म्हणावं तर खोटं होईल. नाटकासाठी लावला.

मी इंद्रभान. चिखलीच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि आमच्या हौशी मंडळाच्या प्रत्येक नाटकात खलनायक करतो, कारण अंगानं काडीपैलवान असलो तरी माझ्या मिशा बघून पोरंसोरं घाबरतात. नव्या महाराष्ट्राला अडीच वर्षं होऊन गेली होती, आणि आमच्या मंडळाला त्याहून थोडी कमी. आमच्या रंगमंचावर उभी राहणारी पद्मजा ही पहिली बाई. मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिच्या वडिलांनी, म्हणजे तहसिलीतल्या अर्जुनरावांनी, फार मिनतवारीनंतर एका खेळाची परवानगी दिली होती. एकच खेळ, तो आजचा. आज हुकला तर ते पुन्हा हो म्हणणार नव्हते, आणि मग गावातला दुसरा कोणता बाप आपल्या लेकीला आमच्याकडे धाडणार होता?

माझ्यासोबत सत्यभामाबाई होत्या. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. अर्जुनरावांची अटच होती की तालमीला पद्मजेसोबत बाईंनी बसायचं. त्यामुळे दोन महिने बाई एका कोपऱ्यात स्वेटर विणत बसायच्या. तोंडानं अक्षर काढायच्या नाहीत, पण कोण कुठं चुकतं ते त्यांना ठाऊक असायचं. मला तर त्यांची भीतीच वाटायची.

बाईंनी शेजारणीला एवढंच विचारलं की निरोप आणला कोणी. एका कापसाच्या गाडीवाल्यानं, ती म्हणाली. देऊळगावराजाच्या वाटेनं आलेला, अनोळखी.

बाई चालता चालता थांबल्या. "इंद्रभान, धामणगावची पहिली एसटी दहाच्या आत येत नाही. काल सायंकाळची गाडी आली तेव्हा अर्जुनराव स्वतः स्टँडवर होते, मी पाहिलंय. गाडीवाला आला उलट्या दिशेनं. मग रात्रीतून धामणगावचा निरोप इथं उडत आला का?"

बाईंच्या म्हणण्याचा अर्थ असा की आत्याबाई ठणठणीत होत्या, आणि आमच्या नायिकेला कोणीतरी मुद्दाम गावाबाहेर काढलं होतं.

२

जिनिंगकडे जाताना मारुतीच्या देवळापाशी शंकरराव भेटले. आमच्या अनंताचे वडील. कपाळाला शेंदूर, हातात तेलाची रिकामी वाटी, आणि मिशांना पीळ. त्यांनी आवर्जून थांबवून विचारलं की पडदा किती वाजता उघडतो.

"आमचा अनंता म्हणे, बाबा, आज पुढच्या रांगेत बसा. म्या म्हटलं बसतो बापा. तसा तो मले कोण्या नाटकात दिसत नाही."

दिसणार कसा? अनंता आमचा प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक घेऊन बसायचं, नट अडला की हळूच शब्द पुरवायचा. प्रॉम्प्टरचा आवाज लोकांना ऐकू आला तर ती त्याची नाचक्की. म्हातारा भाबडा होता. मी हसून वेळ मारून नेली.

पटांगणात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि पलीकडे आमचा मंच उभा होता. आमचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि जिनिंगचे मॅनेजर असे तिन्ही एकच, महादेवराव. बाईंनी सांगितल्यावर त्यांनी तोंडातला विडा थुंकला आणि जिनिंगची जीप ताबडतोब धामणगावला पिटाळली. ड्रायव्हरला बजावलं की आत्याबाई बऱ्या असतील तर पोरीला आणि बापाला घेऊनच ये, नसतील तर हात जोड आणि परत फीर.

तो गाडीवाला रांगेतच सापडला. भला माणूस. म्हणाला, स्टँडजवळच्या शेकोटीपाशी एक जण भेटला, तोंडाला मफलर होता. तुमची गाडी त्याच गल्लीतून जाती, तेवढा निरोप सांगा, म्हणाला. "मरनाचा निरोप कोन नाही म्हनंल? म्या सांगितला."

मफलरवाला माणूस! पौषातल्या पहाटे चिखलीत मफलर नसलेला माणूस शोधायला लागला असता.

पण महादेवरावांना शोधायची गरजच वाटली नाही. त्यांनी सगळ्यांसमोर वैजनाथला हाक मारली, आणि का मारली ते मंडळात सगळ्यांना कळलं.

आमच्या पहिल्या नाटकात नायिका होता वैजनाथ. पडदा म्हणून चादरी, उजेडाला दोन बत्त्या. त्यासाठी त्यानं मिशी काढली, आणि तिथं घोटाळा झाला. आमच्याकडे माणसाची मिशी गेली म्हणजे घरात कोणी गेलं, आणि बहुतेक बापच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक वैजनाथच्या घरी भेटायला. डोळे पुसत आत यायचे तर ओट्यावर त्याचे वडील उकंडराव जिवंत, बिडी ओढत बसलेले! म्हाताऱ्यानं शपथ घातली की मी असेपर्यंत पुन्हा वस्तरा लावला तर घरात घेणार नाही. म्हणून दुसऱ्या नाटकात वैजनाथनं मिशीवर पदर धरून तीन अंक काढले. इतकी लाजाळू नायिका त्या आधी कोणी पाहिली नव्हती. प्रेक्षक हसून हसून बेजार झाले, नाटक मात्र शोकांत होतं. तेव्हाच ठरलं की तिसऱ्या नाटकाला बाई हवी. वैजनाथला आम्ही फौजदार केलं, पण तो महिनाभर फुगून बसला होता, हेही खरंच.

महादेवराव म्हणाले, "वैजनाथ, हे तुझं काम असलं तर आजपासून मंडळाची पायरी चढायची नाही."

वैजनाथ लालबुंद झाला. सत्यभामाबाई मात्र तिथं नव्हत्याच. त्या रंगपटात, म्हणजे आमच्या कपड्यांच्या खोलीत, ट्रंक उघडून बसल्या होत्या. तिथून त्यांनी मला हाक मारली.

३

बाईंच्या हातात एक जुनी चोळी होती, वैजनाथची, पहिल्या नाटकातली. पद्मजेला तिचं काही काम नव्हतं, तिची स्वतःची होती. तरी ही चोळी घडी करून अगदी वर ठेवलेली. बाईंनी ती उलटी केली. दोन्ही बाजूंनी चांगली चार बोटं आत घेऊन शिवलेली होती, आणि दोरा कोरा करकरीत.

मी म्हटलं, पद्मजेनं घेतली असेल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत गृहपाठ न केलेला पोरगा झालो. म्हणाल्या, पद्मजेचा टाका मला ठाऊक आहे, शाळेत शिवण तीच शिकवते. हे टाके पोत्याला घालतात तसे आहेत. कोणा पुरुषाचे.

"आणि वैजनाथ?" मी विचारलं.

"वैजनाथनं ही चोळी उसवून मोठी केली असती. दोन वर्षांत तो केवढा सुटलाय बघा. ही आत घेणारा माणूस बारीक आहे."

त्यांची नजर माझ्या बरगड्यांवर आली. मी चपापलो. मंडळात बारीक असा मी, आणि... मला पुढचं नाव सुचलंच नाही, इतका मी घाबरलो होतो.

बाईंना आता एक गोष्ट पक्की दिसत होती. ज्यानं पद्मजेला काढलं त्याला नाटक बुडवायचं नव्हतं. त्याला नाटक व्हायला हवं होतं, फक्त नायिका दुसरी हवी होती. मग त्यांनी काय केलं, तर बाहेर येऊन सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. जीप रिकामी आली तर काय करायचं?

महादेवराव म्हणाले, लोकांपुढं हात जोडायचे आणि खेळ बंद करायचा, दुसरं काय. वैजनाथ म्हणाला की मंडळासाठी जीव मागा, देईन, पण मिशी मागू नका, म्हातारा पुढच्या रांगेत बसणार आहे. आणि पद्मजेचं एक वाक्य पाठ असेल तर शपथ. मी चिडून सांगितलं की मला माझंच पाठ होत नाही. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली, हे काही मला आवडलं नाही.

राहिला अनंता. कोर्टातला कारकून, शांत, सोशीक पोरगा. सकाळपासून तोंडाला मफलर गुंडाळून विंगेतल्या खोक्यावर बसला होता. दाढ ठणकते म्हणत होता. तो मफलरातूनच बोलला.

"बंद काऊन कराचं? नाटक कोणाले ना कोणाले पाठ असतेच. निघते काहीतरी."

बोलता बोलता त्यानं माझ्या हातातल्या पुडीतून मूठभर फुटाणे घेतले आणि मफलराखालून तोंडात टाकले. मी त्याच्यापुढून पुडी ओढून घेतली, कारण ते माझं दुपारचं जेवण होतं. बाईंनी विणायच्या सुया पिशवीत ठेवून दिल्या. दोन महिन्यांत तालमीच्या मध्येच सुया ठेवलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

४

"अनंतराव, कोणती दाढ?" बाईंनी विचारलं.

"डावी."

"आणि फुटाणे डाव्याच गालात. बाहेरून दिसतंय मला. मफलर काढा बघू."

अनंतानं इकडं तिकडं पाहिलं. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो होतो. त्यानं हळूहळू मफलर सोडला. वरच्या ओठावर काही नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत तिथं चांगली कोरलेली मिशी होती.

मिशी गेलेली दिसली की हात टोपीकडे जाणं रक्तातच असतं. महादेवरावांनी लगेच टोपी काढली. मीसुद्धा. वैजनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं बे?"

अनंता खाली बघत म्हणाला, "वडनेर भोलजीचे सख्खे चुलते. आज दहावा. तुमच्या आनंदाच्या कामात कशाले सांगाचं म्हणून दाढेचं सांगितलं."

आम्ही अगदी विरघळलो. सुतकातला पोरगा, आणि आम्ही त्याच्यावर आळ घेणार होतो! महादेवराव तर बाईंकडे रागानं बघायला लागले. मलाही वाटलं, बाई, आता पुरे.

पण बाई जागच्या हलल्या नाहीत. "सख्खा चुलता म्हणजे तुमच्या वडिलांचा सख्खा भाऊ. एक घर, एक सुतक. मग आज सकाळी शंकरराव मारुतीला तेल घालून कसे आले? इंद्रभान, तुम्हीही पाहिलंत. सुतकातला माणूस देवळाची पायरी चढतो का? आणि त्यांच्या मिशा?"

जागच्या जागी होत्या. पीळ देऊन होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या, आणि मला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

बाईंनी मग एकेक करून मांडलं. मफलर, बारीक अंग, कोर्टाची दप्तरं शिवणाऱ्या कारकुनाच्या हातचे टाके. वैजनाथला मिशी, मला मिशी, महादेवराव ट्रंकेपेक्षा रुंद. सबंध नाटक पाठ असलेला माणूस एकच, कारण दोन महिने प्रत्येकाचं वाक्य तोच पुरवत होता. काल रात्रीतून मिशीवर वस्तरा फिरवला त्यानंच. नायिका गेली हे गावाला कळायच्या आधी तिची जागा घ्यायला तयार होऊन बसलेला माणूसही तोच.

अनंता खोक्यावर बसला. रडला नाही. बोलला तेही अगदी हळू, विंगेतून बोलतो तसं.

"बाबा हरेक नाटकाले येतात. घरी गेलो का विचारतात, तू कुठं होता बे? म्या सांगतो, विंगेत. त्यायले वाटते मी खुर्च्या उचलतो. म्हटलं एक डाव तरी त्यायनं मले पाहावं. बाईच्या कपड्यात का होईना."

वैजनाथ धावून गेला त्याच्या अंगावर. साहजिक होतं, सकाळपासून त्यानं किती ऐकून घेतलं होतं! मी आणि महादेवरावांनी त्याला आवरलं. माझाही संताप झाला होता. कोणाच्या मरणाचा निरोप पाठवायचा म्हणजे काही मर्यादा? आणि तरी, तो ओठ उघडा पडलेला चेहरा पाहून मला त्याची दयाही येत होती. हे दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसाला कुठं बघावं ते कळत नाही.

तेवढ्यात फाटकाशी जीपचा भोंगा वाजला.

५

पुढच्या सीटवरून अर्जुनराव उतरले. त्यांचं तोंड बघूनच मी समजलो की नाटक संपलं. ते सरळ महादेवरावांसमोर आले. म्हणाले, पोरीला परत आणलं ते कपडे आणि सामान घ्यायला. जिवंत बहिणीच्या मरणाची बातमी देणारी माणसं ज्या मंडळात आहेत तिथं माझी मुलगी पाय ठेवणार नाही. पद्मजा मागं जीपमध्येच बसून होती. डोळे सुजलेले. ती मंचाकडे बघत राहिली. बाईंनी तिचा हात धरला.

अनंता उठला. कोणी सांगितलं नव्हतं. अर्जुनरावांसमोर जाऊन म्हणाला की निरोप मी पाठवला, मंडळाचा दोष नाही, मला काय ते करा पण यांचं नाटक थांबवू नका. अर्जुनरावांनी हात उगारला.

"थांब रे अर्जुना. मेली ते मी हावो. विचारीन ते मी विचारीन."

जीपमधून एक धिप्पाड म्हातारी बाई उतरली. नऊवारी, कपाळभर कुंकू. ही जनकाबाई, धामणगावची आत्या. ड्रायव्हर मागाहून सांगत होता की हिला पाहून पद्मजा गळ्यात पडली तेव्हा ही अंगणात मिरच्या निवडत होती, आणि जीप दाराशी लागल्याबरोबर लुगडं बदलून जीपमध्ये येऊन बसली. मले मारणारा पाहू द्या, म्हणे.

तिनं अनंताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या ओठाशी येऊन थांबली.

"बाप हाय का तुले?"

अनंतानं होकारार्थी मान हलवली.

"बाप जिवंत असताना मिशी काढली? मले मारलं ते सोड, मी मरत नाही कोणाच्या सांगण्यानं. पण बापाले काऊन मारलं रे?"

अनंता तेव्हा रडला. हमसून हमसून रडला. म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग भावाकडे वळून म्हणाली की धामणगावाहून हाडं खिळखिळी करत मी कोणाचं तोंड बघायला आलेली नाही, भाचीचं नाटक बघायला आले आहे. ते बघितल्याशिवाय मी जाणार नाही. आणि तू घेऊन गेलास तिला, तर मी इथंच बसेन. अर्जुनराव तिच्यापेक्षा वयानं बरेच लहान. शेवटी म्हणाले, "पण हा माणूस नको."

तिथं मात्र पद्मजा जीपमधून उतरली. "बाबा, त्यांच्याशिवाय नाही होणार. मला दुसऱ्या अंकातलं लांब भाषण अजून नीट येत नाही. ते पुरवणारं दुसरं कोणी नाही."

असा आमचा सगळा न्याय त्या एका अडचणीपाशी येऊन मिटला.

६

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. पुढच्या रांगेत जनकाबाई पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी अर्जुनराव, मग उकंडराव, मग शंकरराव. शंकररावांना अजून काही ठाऊक नव्हतं. ते मंचावर मुलाला शोधत होते.

पद्मजा आली तेव्हा पटांगणात कुजबुज झाली. एक बाई, खरीखुरी बाई. पहिल्या अंकात ती जरा घाबरली होती. दुसऱ्या अंकात तिनं मला, म्हणजे खलनायकाला, जाब विचारायचा होता. बोलायला लागली आणि काय सांगू, मी माझं काम विसरून ऐकत राहिलो. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. आणि नेमकं तिथं ती अडली.

मधल्या एका वाक्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ती पार दुसऱ्या टोकाला उभी होती, विंगेपासून लांब. अनंतानं शब्द पुरवला, तो मला ऐकू आला, तिला नाही. त्यानं पुन्हा पुरवला. पुढं बायकांचे हुंदके, खोकले. तिची नजर भिरभिरायला लागली. अर्जुनराव खुर्चीच्या कडेवर सरकले. आता उठतील आणि पोरीला मंचावरून खाली उतरवतील, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

मी तिरकं विंगेत पाहिलं. अनंतानं पुस्तक खाली ठेवलं होतं. त्याला बघायची गरजच नव्हती. सगळ्या गावाला ऐकू जाईल, प्रॉम्प्टरची उभ्या जिंदगीची नाचक्की होईल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो उठून उभा राहिला, आणि मोकळ्या गळ्यानं, खणखणीत, ते वाक्य बोलला.

"मी तुमच्या दारात भीक मागायला आले नाही, माझ्या लेकराचं नाव मागायला आले आहे!"

पटांगणातल्या माना विंगेकडे वळल्या. मागं कोणीतरी हसलं. पण पद्मजेनं ते वाक्य तिथल्या तिथं उचललं, त्याच चढ्या आवाजात बोलली, आणि मग तिला पुढचं सगळं आठवत गेलं. अंक संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. अर्जुनराव खुर्चीत मागं रेलून बसले होते.

पण मला टाळ्यांच्या आधीचं आठवतं. ते वाक्य विंगेतून आलं तेव्हा शंकरराव अर्धे उठले. शेजारच्या उकंडरावांचा हात धरून ते म्हणाले, आणि ते मला मंचावर ऐकू आलं.

"हा आमचा अनंता हाय. आवाज ओळखला म्या."

मग खाली बसून ते उरलेलं नाटक विंगेकडेच तोंड करून ऐकत राहिले.